गोल्फ खेळताना डावा हात दुखायलाय, एक्स-रे नॉर्मल आहे, नक्की काय असेल?

औसेकर:
नमस्कार मंडळी. वय ४८, शुगर आहे, गोळी चालू. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा गोल्फ शिकलो, आता गावाकडं आलोय, म्हणून शेतातल्या खळ्यावर सिमेंटच्या कोब्यावरच हिरवी मॅट टाकली, समोर जाळी बांधली आणि रोज संध्याकाळी शंभर-सव्वाशे बॉल मारतो. उजव्या हाताचा खेळाडू आहे, पण तीन आठवडे झाले डावाच हात दुखायलाय. पडलो नाही, मार नाही, सूज नाही. कोपरापासून मनगटाकडं कळ जाते, कधी दंडातपण वाटतं. परवा सकाळी भरलेला तांब्या उचलला अन् हातातनं सुटलाच, तेव्हा घाबरलो. एक्स-रे काढला, हाड चांगलंय म्हणले, पेनकिलर दिली. गोळीचा असर उतरला की पुन्हा तेच. कुणाला असं झालंय का? खेळ बंद करायचं लई जिवावर आलंय.

जालनेकर:
दादा, गोल्फमधलं मला काही कळत नाही, पण डावा हात, ४८ वय आणि वरून शुगर, आधी ईसीजी काढा. माझ्या मेव्हण्याला चालताना डावा दंड भरून यायचा, थांबला की पाच मिनिटांत बरं, आम्ही सगळे गॅस असेल गॅस असेल म्हणत बसलो, महिन्याभरात अटॅक आला. वाचला, पण दोन स्टेंट टाकावे लागले. शुगरवाल्याला छातीत दुखेलच असं नसतं. हात न वापरता नुसतं भरभर चालून किंवा जिना चढून दुखतं का हे ध्यानात ठेवा, आणि त्यासोबत घाम, दम, जबडा जड असं काही असलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

फिजिओ_परभणी:
जालनेकरांचं ऐका, आधी तेच. ते नॉर्मल निघालं तर एक करून बघा. कोपर सरळ ठेवून, तळवा खाली करून प्लास्टिकची खुर्ची तिच्या पाठीच्या वरच्या कडेला धरून उचला. मग तळवा वर करून तेवढंच वजन उचला. पहिल्यात कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ कळ आली आणि दुसऱ्यात नाही, तर बहुतेक टेनिस एल्बो. गोल्फर्स एल्बो म्हणतात तो आतल्या बाजूला दुखतो, पण गोल्फवाल्यांना दोन्ही होतात आणि उजव्या खेळाडूच्या डाव्या कोपराला बाहेरच्या बाजूनं होणं काही नवलाचं नाही. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची दोरी तिथं हाडाला चिकटलेली असते, ती एक्स-रेत दिसत नाही. तुमचं क्लब (गोल्फची काठी) बॉलच्या आधी मॅटला लागत असणार, खाली कोबा, तो सगळा दणका कोपर खातंय. करंगळीत मुंग्या येत असतील किंवा मान वळवल्यावर कळ उतरत असेल तर मात्र विषय वेगळा, तपासून घ्या.

व्यायाम: हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली धरा, दुसऱ्या हातानं मनगट वर न्या आणि आधार सोडून पाच मोजत हळूहळू खाली सोडा. १५ वेळा, असे तीन सेट. थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी वाढलं तर वजन कमी करा. दोन-तीन महिने धरून चला. आणि तेल लावून कुणाकडून रगडून घेऊ नका.

बीडचा_ओपनर:
मला बॅटिंगनं हेच झालं होतं, डावं कोपर. सचिनचंपण डावंच होतं, २००४ ला सुरू झालं आणि २००५ ला लंडनमध्ये ऑपरेशन करावं लागलं. मी कोपरात इंजेक्शन घेतलं, चार दिवसांत एकदम मोकळं, लगेच मॅच खेळलो आणि मग सहा महिने चहाचा कप उचलवत नव्हता. घाई करू नका दादा. गोठ्यात म्हशीखाली अंथरतात ती जाड रबरी मॅट मिळते बघा, ती टाका तुमच्या मॅटखाली.

औसेकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ईसीजी काढला, डॉक्टरनी टीएमटीपण (पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी) करायला लावली, दोन्ही नॉर्मल. घरी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. खुर्ची तळवा खाली करून उचलली तर डोळ्यात पाणी आलं, तळवा वर केल्यावर काहीच नाही. क्लब लई आवळून धरतो हेपण आत्ता लक्षात आलं, डाव्या हाताची बोटं पांढरी पडतात. बॉल मारणं बंद केलंय, बाटली चालू आहे. फिजिओताई, पटिंग (बॉल जमिनीवरून हळूच भोकाकडं ढकलणं) केलं तर चालेल का? तेवढं तरी करू द्या.

फिजिओ_परभणी:
पटिंग करा, दुखत नसेल तर. पण बॉल वाकून उचलताना तळवा वर ठेवा.