स्प्रिंगच्या एअर रायफलमधला 'टंग्ग' आवाज कसा घालवायचा?

गच्चीवरचा_नेम:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे .१७७ ची (म्हणजे ४.५ मिमी छर्ऱ्याची) ब्रेक बॅरल, म्हणजे नळी मोडून आतली स्प्रिंग दाबायची, अशी एअर रायफल आहे, देशी बनावटीची, घेऊन चार वर्षं झाली. गच्चीवर १० मीटरवर कागदी टार्गेट लावतो, मागे वाळू भरलेली पेटी आणि त्याच्या मागे भिंत, पक्षी वगैरे असलं काही मारत नाही. प्रॉब्लेम आवाजाचा आहे. ट्रिगर दाबला की आधी 'फट्' आणि लगेच त्याच्या मागून 'टंग्ग्ग', पत्र्याच्या डब्यात चमचा पडल्यासारखा, आणि तो घुमतच राहतो, गालाला झिणझिण्या येतात. खालच्या खोलीत आजी दुपारी पडलेली असते, तिला झोप लागत नाही, म्हणून आता मी फक्त संध्याकाळीच नेम मारतो.

गेल्या महिन्यात एकानं सांगितलं म्हणून खालच्या खाचेतून बोटानं गाडीचं ग्रीस कोंबलं, भरपूर. दोन दिवस एकदम शांत. तिसऱ्या दिवसापासून नळीतून धूर, फटाक्यासारखा आवाज, आणि छर्रे नेमापेक्षा चार-पाच सेंटीमीटर वर, ग्रुप (छर्रे एकाच जागी जवळजवळ लागणं) तर नाहीच. आता धूरही आहे आणि टंग्गही परत आलंय. एक ओळखीचे म्हणतात स्प्रिंग बदल, जाड टाक. खरंच स्प्रिंगचा दोष असतो का हा? आणि घरी उघडता येते का?

लेथवाला_उद्यमनगर:
भावा, पहिल्यांदा ती चालवायची थांबव. धूर येतोय म्हणजे ग्रीस पिस्टनच्या सीलच्या पुढं गेलंय, पिस्टन हवा दाबतो तेव्हा ती हवा इतकी तापते की ते ग्रीस पेटतं, डिझेल इंजिनात होतं तेच. त्यानं सील जळतं आणि स्प्रिंगला उलटा झटका बसतो, स्प्रिंग मोडायला एवढं पुरेसं आहे.

आता आवाजाचं. ग्रीसनं आवाज दबतो, जात नाही. आवाज मुळात ढिलाईचा आहे. आत स्प्रिंग एका गाइडवर, म्हणजे तिच्या आतून जाणाऱ्या दांड्यावर, बसलेली असते, कंपनीच्या रायफलीत हा गाइड बऱ्याचदा पत्र्याची गुंडाळी नाहीतर पातळ प्लास्टिकची नळी असते आणि स्प्रिंगच्या आतल्या व्यासापेक्षा चांगला मिलिमीटरभर बारीक असतो. पिस्टन पुढं जाऊन आदळला की स्प्रिंगला थांबायला काही आधारच नसतो, तिचे वेटोळे गाइडवर आणि पिस्टनच्या आतल्या भिंतीवर टणाटण आपटत राहतात. तुला ऐकू येतं ते हे. त्यात जाड स्प्रिंग घातलीस तर आवाज वाढेल, धक्का वाढेल, नेम आणखी बिघडेल. १० मीटरला जोर लागतोय कशाला?

उघडलीस की व्हर्निअरनं तीन मापं घे आणि इथं टाक. स्प्रिंगचा आतला व्यास, गाइडचा बाहेरचा व्यास, पिस्टनचा आतला व्यास. आणि स्प्रिंग काचेवर उभी करून गुण्या लाव, सरळ उभी राहते का बघ, मग काचेवर आडवी लोळवून बघ. डुगडुगली तर वाकलीय, मग मात्र बदलायचीच.

टाके_पडलेला:
मापं घे म्हणून सांगितलंय पण उघडायचं कसं ते आधी सांगा त्याला. मी २०१९ साली पहिली रायफल उघडली तेव्हा पिन ठोकून बाहेर काढली आणि मागची टोपी हातानं धरली होती. स्प्रिंग आत बसवलेली असतानाही दाबाखाली असते, टोपी सुटल्यावर ती कितीतरी सेंटीमीटर उसळी मारते. टोपी हातातून निसटून कपाटाच्या काचेवर गेली आणि अंगठ्याला चार टाके पडले. त्या दिवशी माझा मुलगा शेजारी उभा नव्हता हे नशीब, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

तर स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतोच. विकत नको असेल तर सुताराकडचा लांब क्लॅम्प आणि दोन्ही टोकांना लाकडाचे ठोकळे, एका ठोकळ्याला नळीचं टोक बसेल असा खड्डा. क्लॅम्पनं टोपी किंचित आत दाबायची, पिन सैल झाली की काढायची, मग क्लॅम्प हळूहळू सोडत जायचं आणि तोंड कधीही त्या रेषेत ठेवायचं नाही. डोळ्याला चष्मा. रायफल कॉक केलेली (स्प्रिंग दाबून अडकवलेली) नाही आणि नळीत छर्रा नाही हे दोनदा बघ. आणि अॅक्शन (नळी, सिलिंडर, ट्रिगर हा सगळा भाग) दस्त्यातून बाहेर असताना कॉक करून बघायचा मोह आवर, तेव्हा ट्रिगरवर भरवसा ठेवू नये.

दहामीटर_ताई:
मी रेंजवर मुलांना शिकवते, माझ्याकडे अशा तक्रारी बऱ्याच येतात. उघडण्याआधी एक करून बघ. दुसऱ्या कुणाला तरी नेम मारायला लाव आणि तू तीन-चार मीटर बाजूला, पण शूटरच्या मागच्या अंगाला उभा राहून ऐक. गाल दस्त्याला टेकलेला असला की कंप थेट हाडातून कानात जातो, त्यामुळे मारणाऱ्याला आवाज बाहेरच्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. काही जण नळीच्या टोकाला काहीबाही बसवायचं म्हणतात, त्याचा इथे उपयोग नाही, हा आवाज नळीतून येतच नाही, सिलिंडर आणि दस्त्यातून येतो.

मग दस्त्याचे स्क्रू बघ, पुढचे दोन आणि ट्रिगरगार्डचा, स्प्रिंगच्या रायफलीत ते धक्क्यानं ढिले होतातच. दस्ता प्लास्टिकचा पोकळ असेल तर तो ढोलकीसारखा आवाज मोठा करतो, पोकळीत दाट फोमचे तुकडे दाबून बसवले की लगेच फरक कळतो. छर्राही बदलून बघ. हलका आणि नळीत सैल जाणारा छर्रा लवकर सुटतो, पिस्टनसमोर हवेची गादीच उरत नाही आणि पिस्टन पुढच्या भिंतीवर आदळतो.

स्प्रिंग म्हटलं की आवाज असणारच हे मला पटत नाही. फाइनवेर्कबाऊ ३०० ही स्प्रिंगचीच, १० मीटरची मॅच रायफल, गोळी सुटताना तिची सगळी अॅक्शन रुळावर मागे सरकते म्हणून खांद्याला धक्का जवळजवळ लागतच नाही. जुनी पण नीट ठेवलेली एक मी हाताळलीय, झणझण नावाला नव्हती.

गच्चीवरचा_नेम:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, भावाला मारायला लावून ऐकलं, बाहेरून निम्मासुद्धा वाटत नाही पण टंग्ग आहेच. दादा, क्लॅम्प सुताराकडून आणला आणि रविवारी उघडली, व्यवस्थित उघडली. मापं अशी: स्प्रिंगची तार ३ मिमी, आतला व्यास १४.२, गाइड १३.०, पिस्टनचा आतला व्यास २१.६. वेटोळे ३०. स्प्रिंग गुण्यात आहे, वाकलेली नाही, पण दोन्ही टोकं धारदार आहेत, गाइडच्या बुडाशी गोल ओरखडे पडलेत.

लेथवाला_उद्यमनगर:
१.२ चा फरक! मग वाजणार नाही तर काय. स्प्रिंग चांगली आहे, तीच ठेव.

लेथवर डेलरिनचा (हे एक कडक प्लास्टिक) गाइड करून घे, नायलॉनचा नको, नायलॉन दमट हवेत पाणी धरून फुगतो आणि माप बदलतं, कोकणातल्या एकाचा गाइड पावसाळ्यात स्प्रिंगमध्ये असा बसला की निघता निघेना. माप १४.२५ ठेव. स्प्रिंगपेक्षा जाड कसा असं वाटेल, पण स्प्रिंग दाबली की तिचा व्यास थोडा वाढतो, तुझ्या स्प्रिंगला साधारण ०.१५ मिमी. म्हणजे कॉक केल्यावर ती गाइडला सोडते, सुटून परत लांब झाली की घट्ट पकडते. आवाज नेमका त्या क्षणी असतो, पकडही तेव्हाच मिळते. बसवताना हातानं पिळत पिळत चढली पाहिजे, हातोडा लागला तर पॉलिश पेपरनं थोडा उतरव. बुडाशी स्टीलचा वॉशर ठेव, नुसत्या डेलरिनची कॉलर कधीतरी फुटते.

पुढच्या टोकालाही तसाच छोटा गाइड कर, टोपीसारखा, पिस्टनच्या आत बसणारा, पण तो हलका ठेव, स्टीलचा जड केलास तर पिस्टनचं वजन वाढतं आणि धक्क्याची सगळी चाल बदलते. एक चूक बरेच जण करतात ती सांगतो. ३० वेटोळे गुणिले ३ म्हणजे पूर्ण दाबलेली स्प्रिंग ९० मिमी, तर दोन्ही गाइडच्या दांड्यांची लांबी मिळून त्याच्या आतच पाहिजे, कमीत कमी १० मिमी सोड, नाहीतर कॉक करताना दोन्ही एकमेकांवर आदळतील आणि तू जोर लावत बसशील.

टोकं ४०० च्या पेपरनं आणि मग १००० च्या पेपरनं गुळगुळीत कर, दाबताना स्प्रिंग पिळते, धारदार टोक वॉशर कोरतं आणि तोही आवाज येतो.

पिस्टनमध्ये बाजूला ०.७ जागा आहे, तिथं ०.२५ ची प्लास्टिकची शीट गोल करून सरकव. जास्त जाड नको, स्प्रिंगला फुगायला जागा लागते.

नाशिकचा_गारठा:
आणि ग्रीस? त्याच्याशिवाय कुणाचं ट्यूनिंग झालंय! मी ओपन गिअरचं काळं चिकट ग्रीस लावतो, मस्त शांत होते.

लेथवाला_उद्यमनगर:
लावायचं की, पण गाइड झाल्यावर, आणि पोळीला तूप फिरवतो तेवढंच, फक्त वेटोळ्यांवर. नाशिकला डिसेंबरात पहाटे मारून बघा, तेच ग्रीस घट्ट होऊन वेग पडलेला दिसेल. पिस्टनच्या बाहेरच्या अंगाला मॉलिब्डेनमची पेस्ट, बोटानं पुसून राहील तेवढी. सीलच्या पुढं काही म्हणजे काही नाही. जुनं सगळं आधी काढ, सिलिंडरचं पुढचं तोंड काठीला कापड गुंडाळून कोरडं कर, कापड पांढरं निघेपर्यंत.

नवीन_मेंबर:
यापेक्षा गॅस रॅम (स्प्रिंगऐवजी दाबलेल्या गॅसची नळी) बसवा ना, स्प्रिंगच नाही तर आवाज कसला?

टाके_पडलेला:
टंग्ग जातं हे खरं, पण धक्का एकदम टोकदार होतो, आणि प्रत्येक मॉडेलला बसणारा मिळत नाही. ह्याची स्प्रिंग चांगली असताना कशाला.

गच्चीवरचा_नेम:
तीन आठवड्यांनी लिहितोय, सॉरी, लेथवाल्याकडे काम लवकर होत नव्हतं, इतकं छोटं काम कुणी हातात घेत नाही. शेवटी एका काकांनी जेवणाच्या सुट्टीत करून दिलं, पैसेही घेत नव्हते. गाइड १४.२५ चा झाला, स्प्रिंग पिळत चढली, अगदी सांगितली तशी. शीट घातली, टोकं घासली, सील नवीन टाकलं कारण जुन्याची कड खरंच करपली होती.

पहिले सात-आठ शॉट थोडा धूर आला, मग बंद. मित्राच्या क्रोनोग्राफवर (छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्यानं आधी सरासरी २०५ मीटर प्रतिसेकंद होती आणि दहा शॉटमध्ये १४ चा फरक, आता १९८ आणि फरक ५. म्हणजे ११.१ ज्यूलवरून १०.४ वर आली, मला चालतंय, ग्रुप आता दहा पैशाच्या जुन्या नाण्याखाली झाकला जातो. आवाज 'ठप्' एवढाच, वहीवर वही टाकल्यासारखा. गालाला काही जाणवत नाही.

काल दुपारी दोन वाजता मुद्दाम वीस शॉट मारले आणि खाली जाऊन बघितलं, आजी घोरत होती. एकच राहिलंय, कॉक करताना बारीक खरखर येते, शीट खाचेला घासतेय असं वाटतंय. तिची कड किती मागे कापू?

लेथवाला_उद्यमनगर:
लई भारी! खाचेच्या दोन्ही बाजूंनी २-२ मिमी काप आणि कड पेपरनं गोल कर. क्लॅम्प लावूनच उघड रे.