मदत हवी आहे: क्वीनची ही एलपी ब्रिटिशच का?

मंडळी, मामांच्या साठीला क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'ग्रेटेस्ट हिट्स'ची जुनी एलपी (गाण्यांची मोठी तबकडी) द्यायचा बेत आहे. मामा पाचगणीच्या शाळेत होते, त्यामुळे तिथेच शिकलेला क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी त्यांना घरचाच वाटतो! 1981 चा हा अल्बम ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला. 2022 मध्ये 70 लाखांचा टप्पा ओलांडणारा तिथला पहिलाच. मामांना ब्रिटिश आवृत्तीच हवी.

पंचाईत अशी की देशोदेशी गाणी वेगवेगळी होती. ब्रिटिश एलपीवर 17 गाणी, सुरुवात 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने. अमेरिकन आवृत्तीत 'अंडर प्रेशर' आहे, ब्रिटिशमध्ये नाही. मला जुन्या बाजारात मिळालेल्या एलपीची गाणी ब्रिटिश यादीशी जुळतात, पण मधला गोल कागद अर्धा सोललेला, त्यावर पिवळी पडलेली सेलोटेप. कव्हरही बहुधा दुसऱ्याच प्रतीचं. विकणारा म्हणतो "लंडनचा माल", आणि भाव ऐकून घाम फुटला.

कागदालगतच्या गुळगुळीत पट्ट्यात बारीक आकडे कोरलेत, टॉर्च तिरका धरला की दिसतात. त्यावरून छपाई कुठली ते कळतं का? इतर देशांतल्या प्रतींवरही हीच 17 गाणी होती का? पुढच्या रविवारी वाढदिवस आहे, जाणकारांनी जरा लवकर सांगा.