पीआर (कॅनडात कायम राहण्याची परवानगी) 19 महिने अडकलाय आणि आई कराडला अंथरुणावर आहे. जाऊ की नको? मदत हवी आहे

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही कॅनडात, ऑन्टारिओतल्या किचनरला राहतो. मी, नवरा आणि आठ वर्षांचा मुलगा. मी आधी इथे शिकायला आले, मग पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिटवर एका इस्पितळाच्या लॅबमध्ये लागले. फेब्रुवारी 2024 मध्ये एक्सप्रेस एन्ट्रीतून (कुशल कामगारांना पीआर देणारी योजना) आयटीए, म्हणजे अर्ज करायचं आमंत्रण आलं, एप्रिलमध्ये एओआर, म्हणजे अर्ज पोचल्याची पावती. एक्सप्रेस एन्ट्रीचं जाहीर वेळापत्रक सहा महिन्यांचं आहे, म्हणून त्या वर्षीच्या दिवाळीला घरी जायचं नक्की केलं होतं. आता 2025 चीही दिवाळी होऊन गेली.

पोर्टलवर पात्रता पूर्ण, बायोमेट्रिक्स पूर्ण, मेडिकल पूर्ण आणि बॅकग्राउंड चेक 'चालू आहे' असं दिसतं. गेल्या उन्हाळ्यापासून ही शेवटची ओळ हललेली नाही. मेडिकल बारा महिनेच चालते, त्यामुळे ती मध्येच संपली आणि तिघांची परत करून झाली. नवरा 2014 ते 2019 मस्कतला होता. गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त राहिलेल्या देशाचं पोलीस सर्टिफिकेट लागतं, तेही सुरुवातीलाच जोडलं आहे. इमिग्रेशन खात्याचा चौकशीचा वेबफॉर्म चार वेळा भरला. चारही वेळा एकच उत्तर आलं, 'तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे', तेही शब्दाला शब्द तेच.

खरी अडचण पुढे आहे. माझं वर्क परमिट सप्टेंबरमध्ये संपलं. संपायच्या दोन महिने आधी ब्रिजिंग परमिटचा (पीआर येईपर्यंत काम करायची परवानगी) अर्ज टाकला होता, म्हणून सध्या मेन्टेन्ड स्टेटसवर, म्हणजे त्याचा निकाल येईपर्यंत जुन्याच अटींवर, काम चालू आहे. पासपोर्टवरचा व्हिसाही परमिटबरोबरच संपला. आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. भाऊ पुण्याला असतो, तो शुक्रवारी रात्री कराडला जातो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत येतो. मधले दिवस शेजारच्या काकू आणि एक बाई बघतात.

रोज व्हिडिओ कॉल करते. आई कधीच 'ये' म्हणत नाही. परवा भावाने फोन तिच्या हातात दिला, तेव्हा कॅमेरा चुकून तिच्या पायांकडे वळला. एका पायात माझा जुना लोकरी मोजा होता, मी कॉलेजला असतानाचा, टाचेला हिरव्या दोऱ्याने रफू केलेला. दुसरा पाय सुजलेला, त्यात मोजा जात नाही. ती म्हणाली, "आला का गं तुझा कागद?" मी म्हटलं, "येईल गं." गेले दीड वर्ष दर रविवारी आमचं हेच बोलणं होतं.

आमच्या घरात प्रत्येक गोष्ट 'पीआर आल्यावर' या खुंटीला टांगलेली आहे. घर बघायचं तर ऑन्टारिओत परदेशी नागरिकाला 25 टक्के जादा कर आहे. पीआर मिळाल्यावर अटींमध्ये बसलं तर तो परत मिळतो, पण आधी भरायला पैसे हवेत ना. नवऱ्याला लायसन्सचा कोर्स करायचाय, तोही पीआर आल्यावर, कारण आत्ता फी परवडत नाही. मुलाने मांजर मागितली, त्यालाही हेच सांगितलं. परवा तो मित्राला सांगत होता, "आमच्याकडे पीआर आल्यावर मांजर येणार आहे." ते ऐकल्यापासून मला झोप लागत नाही. पहाटे चारला उठून पोर्टल उघडते. मधूनच तारीख बदललेली दिसते, आत बघावं तर काही नाही. याला घोस्ट अपडेट म्हणतात हेही मला आता माहीत झालंय.

कोणी मेन्टेन्ड स्टेटसवर असताना भारतात जाऊन आलंय का? ब्रिजिंग परमिट लवकर मिळावं म्हणून काही करता येतं का? जीसीएमएस नोट्स (आपल्या अर्जावरच्या खात्याच्या आतल्या नोंदी) मागवून उपयोग होतो का, आणि मॅन्डेमस म्हणजे नेमकं काय, त्याने अधिकारी चिडून अर्ज नाकारतील का? आणि ज्यांनी अशी वर्षं काढली आहेत त्यांनी कृपया सांगा, तुम्ही घरात कसे राहिलात?

— कराडची_लेक

प्रतिसाद : ओटावाकर

ताई, आधी आईंना लवकर बरं वाटो.

प्रवासाचं स्पष्ट सांगतो. मेन्टेन्ड स्टेटस तुम्ही कॅनडात असेपर्यंतच आहे. बाहेर गेलात की काम करायची परवानगी तिथेच थांबते, आणि परत आल्यावर नवीन परमिट मंजूर होईपर्यंत लॅबमध्ये पाऊल टाकता येणार नाही. त्यात तुमचा व्हिसा संपलेला आहे, म्हणजे परत यायला भारतातून नवा व्हिसा काढावा लागेल, आणि त्याला किती दिवस लागतील हे कोणीच सांगू शकत नाही. पीआरचा अर्ज बाहेर गेल्याने रद्द होत नाही, पण पगार आणि परतीची वाट दोन्ही टांगणीला लागतात. आत्ता जाऊ नका असं मी म्हणणार नाही, आई आई असते. पण हे सगळं समजून जा.

त्याआधी एक करा. वेबफॉर्ममधून ब्रिजिंग परमिटचा अर्ज तातडीने बघण्याची विनंती टाका. नुसतं 'आई आजारी आहे' लिहू नका. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचे कागद, डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र, तुमच्या जन्मदाखल्यावरचं आईचं नाव, हे सगळं एका पीडीएफमध्ये जोडा. आणि तुमच्या भागातल्या खासदाराच्या ऑफिसात फोन करा. पीआर नसलेल्या रहिवाशांचंही ते ऐकून घेतात. ते अर्जाचा वेग वाढवू शकत नाहीत, पण त्यांच्या चौकशीला उत्तर मिळतं आणि ते वेबफॉर्मच्या उत्तरापेक्षा बरं असतं.

जीसीएमएस नोट्स नक्की मागवा. तुम्ही कॅनडात आहात, म्हणून स्वतःच अर्ज करू शकता, पाच डॉलर लागतात. एजंटला शंभर देऊ नका. कायद्याने उत्तराची मुदत 30 दिवस आहे, ती वाढते कधीकधी. नोट्स आल्या की बॅकग्राउंडचे तुकडे बघा: क्रिमिनॅलिटी (गुन्ह्यांची नोंद), सिक्युरिटी (सुरक्षा तपासणी), इन्फो शेअरिंग (इतर देशांशी माहितीची देवाणघेवाण). बहुतेक वेळा क्रिमिनॅलिटी 'पास्ड' असते आणि सिक्युरिटीवर गाडी अडलेली असते. ती तपासणी इमिग्रेशन खातं स्वतः करत नाही, सीमा सेवा आणि गुप्तचर खात्याकडे जाते. आमच्या घरीही आखातातल्या नोकरीचाच भाग रेंगाळला होता. मस्कतच्या वर्षांचा महिन्यागणिक तपशील, पत्ते आणि कंपनीचं पत्र तयार ठेवा. मागितलं तर त्याच दिवशी देता येईल.

प्रतिसाद : वाटेवरची

मॅन्डेमसबद्दल लिहिते, आम्ही त्याच्या तयारीपर्यंत गेलो होतो.

हा फेडरल कोर्टातला अर्ज असतो. 'आम्हाला पीआर द्या' असं त्यात मागत नाहीत, 'काय तो निर्णय द्या' एवढंच मागतात. त्यामुळे निकाल तुमच्या बाजूनेच लागेल असं नाही, पण कोर्टात गेलात म्हणून नाकारण्याचं कारणही ते होऊ शकत नाही. उशीर अवाजवी आहे का हे बघताना कोर्ट 1999 च्या कोनिल खटल्यातल्या तीन गोष्टी तपासतं: अशा कामाला साधारण लागतो त्यापेक्षा जास्त वेळ गेलाय का, उशिरात अर्जदाराचा दोष आहे का, आणि खात्याने समाधानकारक कारण दिलंय का. नुसतं 'सुरक्षा तपासणी चालू आहे' हे पुरेसं कारण नाही, असं कोर्टाने अनेकदा म्हटलंय. म्हणून तुमचे चार वेबफॉर्म आणि त्यांची चार उत्तरं जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा.

कोर्टाची फी 50 डॉलर आहे, खरा खर्च वकिलाचा. आधी वकिलाकडून एक डिमांड लेटर जातं, म्हणजे 'निर्णय द्या, नाहीतर कोर्टात जाऊ' असं खात्याला पत्र. आमचं काम त्या पत्रावरच झालं, कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. सगळ्यांचं असं होत नाही. नोट्स आल्याशिवाय वकिलाकडे जाऊ नका, तो पहिल्यांदा त्याच मागतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. आम्ही 31 महिने थांबलो. माझे वडील त्या काळात गेले, आणि मी जाऊ शकले नाही. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. त्यानंतर आम्ही पोर्टल फक्त शुक्रवारी संध्याकाळी उघडायचं ठरवलं, आणि पासवर्ड नवऱ्याकडे दिला. पहिले दोन आठवडे हात शिवशिवायचे, मग झोप परत आली. आणि ताई, मांजर आणा. भाड्याच्या घरातही मांजर राहते.

प्रतिसाद : कराडची_लेक

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दोघांचं लिहिलेलं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. 31 महिन्यांपाशी आले तेव्हा माझा आवाज बसला, पुढचं त्याने वाचलं.

नोट्सचा अर्ज आज सकाळी भरला, पाच डॉलरच लागले. भावाने कराडहून डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचं पत्र पाठवलंय. पत्र मराठीत आहे, म्हणून इंग्रजीत परत मागितलंय, ते आलं की तातडीची विनंती जाईल. खासदारांच्या ऑफिसात मंगळवारची वेळ मिळाली. ब्रिजिंग परमिट हातात पडेपर्यंत निघायचं नाही असं आत्ता तरी ठरवलंय. मात्र आईची तब्येत आणखी बिघडली तर निघणार, मग पगाराचं जे व्हायचं ते होवो. लॅबच्या मॅनेजरला हे आजच सांगून ठेवलं. तिने ऐकून घेतलं.

आईला शनिवारी वॉकरवर उभं करणार आहेत. इथे तेव्हा शुक्रवारची रात्र असेल, मी कॉलवर असेन. पोर्टलचा पासवर्ड नवऱ्याने बदललाय. नोट्स आल्या की इथेच लिहिते.