फ्रेंच शिकताना इंग्रजी फ्रेजल व्हर्बचं काय करायचं?

प्रश्न – बाराखडी_नंतर

डेल्फ बी१ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची तयारी चालू आहे. इंग्रजी फ्रेजल व्हर्ब (क्रियापदाला 'अप', 'ऑफ' असा छोटा शब्द जोडून होतं ते) आणि समोर फ्रेंच प्रतिशब्द अशी यादी पाठ करायची पद्धत लेखनात फसते. 'रन अक्रॉस द स्ट्रीट'ला 'कुरीर आ त्राव्हेर ला र्‍यू' लिहिलं की लाल रेघ. 'लुक फॉर'ला 'शेर्शे पूर' लिहिलं तरी तेच. 'टेक ऑफ'ला तर कोशात क्रियापदांची रांगच आहे. यात काही सूत्र आहे, की घोकंपट्टीच करायची? (फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे लिहिलेत, सांभाळून घ्या.)

जोडाक्षर

यादी बाजूला ठेवा आणि वाक्य आधी मराठीत आणा. 'शी रॅन अक्रॉस द स्ट्रीट' म्हणजे 'तिने पळत रस्ता ओलांडला'. मुख्य क्रियापद ओलांडणं, पळणं नुसतं जोडीला. फ्रेंचही हेच करते: 'एल आ त्राव्हेर्से ला र्‍यू आं कूरां'. इंग्रजीत हालचालीची रीत क्रियापदात असते आणि दिशा त्या चिमुकल्या 'अक्रॉस'मध्ये. फ्रेंचमध्ये दिशा क्रियापदात जाते आणि रीत मागे पडते. विने आणि दार्बेलने या भाषाअभ्यासकांनी १९५८ साली या अदलाबदलीला 'शासे-क्रुआझे' म्हटलं. अनुवादाच्या वर्गात तो शब्द अजून रोज वापरतात.

म्हणून आधी छोटा शब्द बघायचा आणि त्यावरून क्रियापद ठरवायचं. 'इन' असेल तर आंत्रे, 'आउट'ला सोर्तीर, 'अप'ला मोंते, 'डाउन'ला देसांद्र, 'अक्रॉस'ला त्राव्हेर्से. रीत शेवटी जोडायची. 'पोहून नदी पार केली' हे 'त्राव्हेर्से आ ला नाज', 'लाथ मारून दार उघडलं' हे 'उव्हरीर ला पोर्त द्यं कू द प्ये'. रीत उघड असेल तर गाळाच. 'वॉक्ड इन'ला नुसतं आंत्रे पुरतं. आपणही 'चालत आत आला' म्हणत नाही, 'आत आला' म्हणतो.

भूतकाळात दोन ठिकाणी गुण जातात. सोर्तीर, मोंते, देसांद्र, आंत्रे यांना 'एत्र' (असणे) हे सहायक क्रियापद लागतं, पण त्राव्हेर्से आणि कुरीर यांना 'आव्हुआर' (जवळ असणे). त्यामुळे 'पळत बाहेर आला' हे 'इल ए सोर्ती आं कूरां', पण 'रस्ता ओलांडला'ला 'इल आ त्राव्हेर्से'. आणि मोंतेला कर्म आलं, म्हणजे बॅगा वर नेल्या, की तेही 'आव्हुआर'कडे जातं: 'जे मोंते ले व्हालीझ'. आपण बिनदिक्कत 'वर चढलो' म्हणतो, तसं 'मोंते आं ओ' लिहू नका. तिथे ती द्विरुक्ती धरतात.

उंबरठा

वरच्याशी सहमत, पण मराठी एका जागी दगा देते. 'पोरगा घरात पळाला' म्हटलं की आपल्याला तो बाहेरून आत गेलेला दिसतो. 'इल आ कुरु दां ला मेझों' ऐकणाऱ्या फ्रेंच माणसाला मात्र तो घरातल्या घरात, सोफ्याभोवती धावताना दिसतो. उंबरठा ओलांडला असेल तर क्रियापद आंत्रेच हवं. म्हणून मराठीतही आधी 'पळत घरात शिरला' असं करून घ्या. नुसतं 'स्टेशनपर्यंत पळाला' असेल तर उंबरठ्याचा प्रश्न नाही, 'कुरीर ज्युस्का ला गार' बिनधास्त लिहा.

आता 'लुक फॉर'. शोधणे, वाट बघणे, बघणे, ऐकणे यांना इंग्रजीत शेपूट लागतं, फ्रेंचमध्ये नाही: शेर्शे, आतांद्र, रगार्दे, एकुते, आणि पुढे थेट कर्म. उलट 'आन्सर' आणि 'फोन' इंग्रजीत मोकळे, पण फ्रेंचमध्ये रेपोंद्र आ, तेलेफोने आ. इथे मराठीचा 'ला' कामी येतो (आईला फोन केला). मात्र प्रत्येक 'ला'चा 'आ' होत नाही. 'मी आईला पाहिलं'मध्ये आई थेट कर्म आहे, तिथे 'आ' नको.

'बॅक'साठी आपला 'परत' लक्षात ठेवा. फ्रेंचचा 'र' हा उपसर्गही असाच दुहेरी आहे, पुन्हा आणि माघारी. राप्ले म्हणजे परत फोन करणे, दोन्ही अर्थांनी. पण 'परत कर' म्हणजे पुन्हा कर असेल तर रफेर, आणि घेतलेली वस्तू परत कर असेल तर रांद्र. 'गो बॅक'ला रतूर्ने, पण घरी परतायचं असेल तर रांत्रे.

गाळीव_पीठ

हे सगळं हालचालीपुरतं. 'टेक ऑफ', 'पिक अप' यांना दिशेचं सूत्र लावू नका, त्यांची फोड कर्मावरून करा. कार्डावर फ्रेजल व्हर्ब एकटं लिहूच नका, वस्तूसकट लिहा. कोट काढला तर आंलव्हे, विमान उडालं तर देकोले. जमिनीवरचं उचललं तर रामासे, फोन उचलला तर देक्रोशे, मुलाला शाळेतून आणायचं तर आले शेर्शे. दिवा बंद करायला एतँद्र, नळ बंद करायला फेर्मे.

'ब्रेक डाउन'ची तर गंमतच आहे. गाडी 'तोंबे आं पान' होते, आणि तोंबे म्हणजे पडणे. म्हणजे आपली गाडी बंद पडते तशीच. आजारी पडणे 'तोंबे मालाद', प्रेमात पडणे 'तोंबे आमुरो'. माणूस ब्रेक डाउन होऊन रडला तर मात्र 'फोंद्र आं लार्म', अश्रूंत विरघळणं.

'रन आउट ऑफ'ला क्रियापद शोधत बसू नका. 'दूध संपलं' हे 'इल न्या प्ल्यु द ले'. बोलताना 'न' गळतो आणि 'या प्ल्यु द ले' उरतं, म्हणून शेवटचा 'स' उच्चारू नका. 'प्ल्युस' म्हटलंत तर समोरचा 'जास्त दूध' समजेल.

फ्रेजल व्हर्बऐवजी जड इंग्रजी शब्द घेऊन त्याचं फ्रेंच करण्याची युक्ती बऱ्याचदा चालते: 'गिव्ह अप', अबँडन, आबांदोने. पण 'लुक आफ्टर'वरून अटेंड आणि तिथून आतांद्रवर गेलात तर आजारी माणसाची काळजी घेण्याऐवजी वाट बघत बसाल. तिथे 'सोक्युपे द' हवं. आणि सपोर्ते म्हणजे पाठिंबा देणं नव्हे, सहन करणं, 'पुट अप विथ'. पाठिंब्याला सूतनीर.

बाराखडी_नंतर

आभार! एकच राहिलं. 'ईट इट अप'मधल्या 'अप'ला मराठीत 'खाऊन टाक'चा 'टाक' आहे. फ्रेंचमध्ये?

जोडाक्षर

तसा शब्द नाही. क्रियापदच बदलून फिनीर घ्यायचं आणि कर्म ठेवायचं. जेवताना मुलांना म्हणतात 'फिनी तों आस्येत', शब्दशः 'ताट संपव'.