मदत हवी आहे : जड ट्रकमुळे जुन्या पुलाचं आयुष्य किती घटतं?

नमस्कार मंडळी. पूल-बांधणीतल्या जाणकारांची मदत हवी आहे. आमच्या गावाजवळच्या महामार्गावर एक जुना पूल आहे. त्यावरून रात्रंदिवस खडी-वाळूचे डंपर जातात. पुलाच्या दोन भागांमधल्या जॉइंटवर चाक आलं की दणका बसतो आणि कठडा हादरतो. ग्रामसभेत हा विषय मांडायचाय, पण नीट समजून घेऊनच.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकच्या चार टायरच्या एका आसावर (अ‍ॅक्सलवर) चालणारं कमाल वजन १०.२ टनांवरून ११.५ टन केलं. रस्त्याच्या थराचं नुकसान आसभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं, असं वाचलंय. म्हणजे तेरा टक्के वजनामागे साठेक टक्के जास्त झीज! पोलादी गर्डरच्या (पूल पेलणाऱ्या तुळईच्या) वेल्डला थकव्याने, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने, तडे जातात, तिथे तिसरा घात धरतात. मग काँक्रीटच्या पुलाला कोणता हिशोब लावायचा? त्याचा स्वतःचाच भार एवढा असतो की ट्रकचा वाटा गर्डरमध्ये कमी आणि डेक स्लॅब (ज्यावरून गाड्या जातात), बेअरिंग (गर्डरखालचे आधार), जॉइंट यांच्यावर जास्त, असा माझा समज आहे. बरोबर आहे का?

महाडचा सावित्रीवरचा पूल २०१६ मध्ये पुरात गेला, ट्रकच्या भाराने नव्हे, हे ठाऊक आहे. तरीही काळजी वाटतेच.

तपासणी अहवाल मागताना नेमकी कोणती कागदपत्रं मागू? मूळ डिझाइन कोणत्या भारवर्गाचं (म्हणजे कोणत्या ठरावीक वाहनभारासाठी), ‘क्लास ए’ की ‘७० आर’, हे कुठे सापडेल? आणि डोळ्यांनी दिसणाऱ्या कोणत्या खुणा तातडीने कळवाव्यात?