मदत हवी आहे: दोन एकरांत नुसता साग लावू की मिश्र झाडं?

मी राहतो नागपुरात, वावर उमरेडकडे. जमीन बरड, पाणी थांबत नाही. २०१५ साली बाबांनी एका एकरात सागाच्या जड्या (वरून छाटलेली, मुळासकटची रोपं) लावल्या, दोन बाय दोन मीटरवर, म्हणजे हजारेक झाडं. उंच झाली, पण खोडं बारीकच. विरळणी, म्हणजे मधली काही झाडं काढणं, एकदाही नाही. झाड तोडायचं नाव काढलं की बाबा ताटावरून उठतात.

खाली गवताची काडी नाही. मागच्या पावसाळ्यात सर आली तेव्हा आतच उभा होतो. रुंद पानांवर साचलेलं पाणी टपोऱ्या थेंबांनी पडत होतं आणि थेंब पडेल तिथली माती उडत होती. मुळं उघडी पडलीत. सप्टेंबरात तर पानांच्या नुसत्या शिरा उरल्या, हातात चाळणी धरल्यासारखं.

आता उरलेल्या दोन एकरांचं बघायचंय. नर्सरीवाला म्हणतो सागच लावा, तोडणी एकदम होते. मामा म्हणतात, पेंचला जाऊन बघ, साग एकटा असतो का? ऐन, बीजा, धावडा, तेंदू, सगळे सोबत. पटतं, पण जंगल कुणी ओळीत लावलेलं नाही ना! सागासोबत शिवण आणि बांबू एकाआड एक ओळीत लावले तर? आणि अळीवर फवारणी करू का? एवढ्या उंचीवर पंप पोचवायचा कसा, ते वेगळंच.

प्रतिसाद १
दादा, एकाआड एक ओळ नको. शिवण सुरुवातीला सागापेक्षा भरभर वाढते आणि सागाला सावली सोसत नाही. शिवणीचा वेगळा पट्टा करा. बांबू नाल्याकडच्या धुऱ्यावर, सागापासून लांब. त्याची मुळं पाणी ओढतात. फवारणी सोडा. पानाची जाळी करणारी ही अळी पावसाळ्याच्या शेवटी येते, तोवर पानाचं काम बरंचसं झालेलं असतं. पावसाच्या सुरुवातीला कोवळी पालवी खाणारी दुसरी अळी जास्त नुकसान करते. मिश्र लावल्यानं अळी संपत नाही, पण तिला खाणाऱ्या पाखरांना आसरा मिळतो. जुन्या एकरात पाचोळा झाडू नका, जाळू तर मुळीच नका. आणि विरळणी कराच, खरं दुखणं तिथं आहे.

सागाची सातबाऱ्यावर नोंद आहे का? तोडायला परवानगी लागते. बांबूला ती भानगड नाही, २०१७ पासून कायद्यानं तो झाडात मोडत नाही.

धागाकर्ता
नोंद नाही. सोमवारी तलाठ्याकडे जातो. बाबांना विरळणीचं मामांकडूनच सांगवतो.