उन्हाळी वादळाचं खापर हवामानबदलावर फोडता येईल का? (निवेदनासाठी मदत हवी आहे)

रुजवात

नमस्कार मंडळी,

एका निवेदनाचा मसुदा करते आहे आणि त्यातल्या एकाच वाक्यापाशी अडले आहे. जाणकारांनी कृपया मदत करावी.

नुकतंच आमच्या भागात जोरदार वादळ झालं. दिवसभर जिवाची काहिली, दुपार कलताना आभाळ काळंठिक्कर आणि मग वारा, गारा, पाऊस सगळं एकदमच. तासाभरात पुन्हा शांत. पण तेवढ्यात कित्येक झाडं उन्मळली आणि रस्त्याकडेच्या एका मोठ्या झाडाखाली सापडून आमच्या ओळखीचे एक काका गेले. त्यांच्या घरच्यांना भेटून आल्यापासून हे निवेदन मला नीट, पुराव्यानिशी लिहायचं आहे. पाटी टाकल्यासारखं नको.

एका तरुण मित्राने मसुद्यात लिहिलंय, "हे वादळ हवामानबदलामुळे आले." त्यावरून बैठकीत दोन तट पडले. एक आजोबा म्हणाले, "उन्हाळ्यात वादळं व्हायचीच. आमच्या लहानपणीही पत्रे उडायचे." तरुण मंडळींचं म्हणणं, पृथ्वी इतकी तापल्यावर दुसरं कारण शोधायचंच कशाला? मला दोघांच्याही बोलण्यात तथ्य वाटतं. पण निवेदनातलं वाक्य कुणी उलटतपासणी केली तरी टिकायला हवं.

माझी धास्ती दुहेरी आहे. वाक्य चुकीचं निघालं तर सगळं निवेदनच बाजूला पडेल. आणि मान्य झालं तर प्रशासन त्याचीच ढाल करेल: हवामानबदल हा जगाचा प्रश्न, त्याला आम्ही काय करणार? ते पडलेलं झाड मी जवळ जाऊन पाहिलं. मुळं मातीसकट उपटून उभी राहिली होती. एका बाजूची मुळं फाटलेली, धागे लोंबणारी, आतून पांढरी. रस्त्याकडची मात्र एका सरळ रेषेत कापलेली. मनगटाएवढी जाड मुळं, आणि कापलेली टोकं काळी पडलेली, म्हणजे जखम जुनी. तिथे पूर्वी कधीतरी चर खणला होता. हे काही वादळाने केलेलं नाही.

तर विचारायचंय ते असं. एका विशिष्ट वादळासाठी तापमानवाढीला जबाबदार धरता येतं का? धरता येत असेल तर किती? आणि वारा, गारा, पाऊस, वीज या सगळ्यांसाठी उत्तर एकच आहे का?

आडवाट

आजोबांचं म्हणणं सहज उडवून लावू नका. आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, त्यामुळे कुठलंही वादळ नोंदीतून सुटत नाही. अमेरिकेत चक्री वावटळींचे, म्हणजे टोर्नेडोंचे आकडे वाढलेले दिसतात. त्यातली बरीच वाढ १९९० च्या दशकात डॉप्लर रडारचं, म्हणजे ढगातल्या वाऱ्याचा वेगही टिपणाऱ्या रडारचं जाळं पसरल्यामुळे आणि बघणारे वाढल्यामुळे आहे. पूर्वी माळरानावर आलेली छोटी वावटळ कुणाला कळतही नसे. जोरदार टोर्नेडोंची वार्षिक संख्या पाहिली तर १९५० पासून स्पष्ट वाढ दिसत नाही.

नुकसानीच्या रकमांचंही तसंच. घरं वाढली, गाड्या वाढल्या, छपरांवर सौर पॅनल आले. तेवढ्याच गारा पडल्या तरी बिल मोठं येणार. हवामानबदल खोटा आहे असं मी म्हणत नाही. प्रत्येक पडलेल्या फांदीचा हिशोब त्याच्या खात्यावर टाकू नका, इतकंच.

मेघमापन

रुजवातताई, काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. माझा या विषयाशी कामानिमित्त संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आडवाट यांचा नोंदींचा मुद्दा अगदी बरोबर आहे. पण त्यावर थांबता येत नाही, कारण वादळ कशावर पोसतं हे आपल्याला माहीत आहे. जमिनीलगत बाष्प लागतं. खाली गरम आणि वर गार अशी अस्थिर हवा लागते. तिला वर ढकलणारं काहीतरी लागतं: डोंगर, समुद्रावरून येणारा वारा, दोन हवांची सीमारेषा. आणि वादळ लवकर विझू नये यासाठी खालच्या-वरच्या वाऱ्यांच्या वेगात किंवा दिशेत फरक लागतो, ज्याला विंड शिअर म्हणतात. तो असला की पाऊस एका अंगाला पडतो आणि वर चढणारा झोत दुसऱ्या अंगाला शाबूत राहतो. नसला तर ढग स्वतःच्याच पावसात बुडून अर्ध्या-पाऊण तासात संपतो.

यातल्या बाष्पापर्यंत तापमानवाढीचा हात नक्की पोचतो. हवा १ अंश सेल्सियसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. हे एकोणिसाव्या शतकातलं, क्लॉसियस आणि क्लॅपेरॉन यांच्या नावाचं पक्कं भौतिकशास्त्र आहे. १८५०–१९०० च्या तुलनेत २०११–२०२० या दशकात पृथ्वी सुमारे १.१ अंशाने तापलेली होती. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, २०२१ च्या अहवालाप्रमाणे जागतिक पातळीवर अतिवृष्टीच्या दिवसाचा पाऊसही अंशामागे साधारण ७ टक्क्यांनी वाढतो. शिवाय बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते आणि तीच ढगाला आणखी वर खेचते. त्यामुळे तासाभराच्या धुवाधार सरींमध्ये काही ठिकाणी ७ टक्क्यांहून जास्त वाढ मोजली गेली आहे.

शिअरचं गणित उलट्या दिशेला जाऊ शकतं. उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश जास्त वेगाने तापतोय, म्हणून विषुववृत्त आणि ध्रुव यांच्यातली तापमानाची दरी कमी होते आणि त्याबरोबर शिअरही अनेक ठिकाणी घटण्याची शक्यता असते. दुसरीकडे, काही प्रदेशांत जमिनीच्या वर गरम कोरड्या हवेचं झाकण घट्ट होतंय. झाकण घट्ट असलं की वादळाचे दिवस कमी होतात, पण ज्या दिवशी ते फुटतं त्या दिवशी खाली साठलेली ऊर्जा जास्त असते. म्हणून "वादळं वाढली" हे वाक्य मी कधी लिहीत नाही. वादळांची संख्या आणि एका वादळाचा जोर हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आता एकाच घटनेचा प्रश्न. आजच्या तापलेल्या जगात अशी घटना किती वेळा घडेल आणि माणसाने तापवलेल्या नसलेल्या जगात किती वेळा घडली असती, याची तुलना करतात. युरोपातल्या २००३ च्या उष्णतेच्या लाटेबद्दल २००४ मध्ये असा पहिला गाजलेला अभ्यास आला. माणसाच्या हातभाराने तसल्या लाटेची शक्यता किमान दुप्पट झाली असण्याचा संभव फार मोठा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन हा शास्त्रज्ञांचा गट आता अशी उत्तरं काही दिवसांत किंवा आठवड्यांत देतो. जुलै २०२१ मध्ये जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात आणि बेल्जियममध्ये जो पूर आला, त्याच्या पावसाबद्दल त्यांनी सांगितलं की तो १.२ ते ९ पट जास्त संभाव्य झाला आणि एका दिवसाच्या पावसाचा जोर ३ ते १९ टक्क्यांनी वाढला. १.२ ते ९ ही फट केवढी मोठी आहे पाहा. आणि तो तर शेकडो किलोमीटर पसरलेला पाऊस होता. तुमचं वादळ दहा-पंधरा किलोमीटर रुंद असेल. हवामानाचं गणित करणारी संगणकातली जागतिक मॉडेलं पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि ते साधारण १०० किलोमीटरचे असतात, म्हणजे मोठ्या भोकांच्या जाळ्यातून बारीक मासळी निसटावी तसं असलं वादळ त्यातून निसटतं.

त्यासाठी काही किलोमीटरच्या चौकोनांची बारीक मॉडेलं चालवावी लागतात. १८ ऑगस्ट २०२२ ला कॉर्सिका बेटावर जे वादळ आदळलं त्यात ताशी २२५ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्या वेळी पश्चिम भूमध्य समुद्र कमालीचा तापलेला होता. अभ्यासकांनी तेच वादळ संगणकात पुन्हा उभं केलं आणि समुद्राची जादाची उष्णता काढून पाहिली, तर वादळ दुबळं पडलं. म्हणजे एका वादळाबद्दल बोलता येतं, पण प्रत्येकासाठी तेवढं काम व्हावं लागतं. तुमच्या वादळासाठी ते झालेलं नसणार, तेव्हा "हवामानबदलामुळे आले" हे वाक्य काढाच.

रुजवात

मेघमापनदादा, मनापासून आभार. बाष्पाचं अगदी नीट कळलं. पण आमच्याकडे जीव गेला तो वाऱ्यात, आणि घरांचं नुकसान झालं ते गारांनी. त्यांचं काय लिहू? काही लोकांनी गारा नाण्याशेजारी ठेवून फोटो काढलेत, ते कामाला येतील का?

गारवेल

गारांबद्दल मी सांगते. नाण्याशेजारचे फोटो जरूर ठेवा, आकाराचा तोच पुरावा असतो. गार मधोमध कापली की आत कांद्यासारखी वलयं दिसतात. दुधाळ थर म्हणजे पाणी झटकन गोठून आत हवा अडकली. काचेसारखा थर म्हणजे पाणी सावकाश पसरत गोठलं. वर चढणारा झोत जितका जोरदार, तितकी गार वर तरंगत राहते आणि वाढते. अमेरिकेत व्हिव्हियन इथे २३ जुलै २०१० ला पडलेली गार सुमारे २० सेंटिमीटर रुंद आणि जवळपास ८८० ग्रॅमची होती.

तापमानवाढ इथे दोन्हीकडून ओढते. ऊर्जा वाढल्याने मोठ्या गारा वाढायला मदत होते. पण बर्फ वितळायला लागतो ती पातळीही वर सरकते, म्हणून बारीक गारा वाटेतच पाणी होतात आणि मोठ्या मात्र जमिनीपर्यंत टिकतात. त्यामुळे काही ठिकाणी गारांचे दिवस घटून गारा मोठ्या होण्याची शक्यता अभ्यासक मांडतात. मात्र आतापर्यंत वाढ झालीच आहे असं ठामपणे सांगायला जगभरच्या नोंदी अपुऱ्या आहेत. आयपीसीसीनेही गारा, टोर्नेडो आणि वादळी झोत यांच्या आजवरच्या बदलांबद्दल कमी खात्री नोंदवली आहे.

नोंदी अपुऱ्या का, तर गार मोजणारं यंत्र फार थोड्या ठिकाणी असतं. फ्रान्स आणि उत्तर इटलीत फोमच्या पाट्या उघड्यावर ठेवतात. गार पडली की खळगा पडतो, मग एकेक खळगा मोजून गारांचा आकार काढतात. इतकं साधं साधन, पण ते वर्षानुवर्षं नेमाने बदलणारी माणसं लागतात.

विजांबद्दल तर अभ्यासच एकमेकांशी भांडतात. २०१४ च्या एका अभ्यासाने अमेरिकेत अंशामागे सुमारे १२ टक्के वाढ सांगितली, तर २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासाने ढगातल्या बर्फाचा हिशोब वेगळा धरून जगभरात घट दाखवली. निवेदनात विजांचा उल्लेख टाळा.

आडवाट

मग उरलं काय? पावसाचे सात-आठ टक्के. ४६ मिलिमीटरच्या जागी ५० पडला तर त्याने काय मोठं होतं?

पायवाट

मी स्थापत्य अभियंता आहे, याचं उत्तर देतो. समजा नाल्याची क्षमता ४५ मिलिमीटरची आहे. ४६ पडला तर १ मिलिमीटर रस्त्यावर येतो, ५० पडला तर ५. पाऊस आठ-नऊ टक्के वाढला आणि तुंबणारं पाणी पाचपट झालं. मर्यादेच्या काठावर बांधलेल्या गोष्टींना थोडी वाढही पुरते, आणि आपण बहुतेक सगळं काठावरच बांधतो.

वाऱ्याचं तर याहून कडक आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग १० टक्के वाढला की दाब २१ टक्के. आता ताईंच्या झाडाकडे या. एका बाजूची आधाराची मुळंच कापली असतील तर ते झाड नेहमीच्या वादळातही पडू शकलं असतं. त्यासाठी जादा वाऱ्याची गरजच नव्हती. माझ्या मते निवेदनाचं पहिलं पान या मुळांना द्या. काळ्या पडलेल्या टोकांचे जवळून फोटो, शेजारी मोजपट्टी, तारीख-वेळ दिसेल असे. बुंधा उचलून नेण्याआधी काढा. लाकूड एकदा हललं की काही सिद्ध करता येत नाही. चर कधी आणि कुणाच्या परवानगीने खणला हे लेखी मागा.

रुजवात

फोटो काढून घेतले, मोजपट्टीसह. परिच्छेद असा केलाय:

"उन्हाळ्यात वादळे पूर्वीही होत असत. हे वादळ हवामानबदलामुळे झाले असा आमचा दावा नाही. मात्र तापलेल्या हवेत बाष्प वाढते आणि त्यामुळे मुसळधार पावसाचा जोर वाढतो, हे विज्ञानाने प्रस्थापित केले आहे. वादळी वारे आणि गारांबाबत अशी खात्री अद्याप नाही. पावसाचा जोर वाढत असताना नाले जुन्याच मोजमापांवर ठेवणे आणि झाडांची मुळे कापून ती तशीच उभी सोडणे ही मानवी चूक आहे आणि ती टाळता येण्याजोगी होती. सोबत छायाचित्रे जोडली आहेत."

आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे मी लिहून देईन." तरुण मित्र मात्र नाराज आहे. त्याच्या मते आपण फार मवाळ झालो.

मेघमापन

मवाळ नाही. त्याला सांगा की "झाले असा दावा नाही" याचा अर्थ "संबंध नाही" असा होत नाही, आणि हे निवेदनात स्पष्ट यायला हवं, नाहीतर उद्या कुणी तसा अर्थ काढेल. दुसऱ्या वाक्यानंतर एवढं जोडा: "या वादळात तापमानवाढीचा वाटा किती होता, याचा स्वतंत्र अभ्यास झालेला नाही." तरुण मित्राचा राग रास्त आहे. त्याला तो अभ्यास व्हावा म्हणून मागणी करायला लावा.

आणि एक मागणी आणखी घाला. जवळच्या स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या दर १० किंवा १५ मिनिटांच्या नोंदी मागा. दिवसाची बेरीज देतील, ती पुरत नाही. ५० मिलिमीटर दिवसभरात पडणं आणि अर्ध्या तासात पडणं यात नाल्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दिवसाच्या बेरजेत तो दिसत नाही. वाऱ्याच्या झोतांची नोंद असेल तर तीही मागा, सरासरी वेगाची नको. नोंदच नाही असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या.

रुजवात

दोन्ही घातलं. तरुण मित्रच नोंदींचा अर्ज लिहायला बसलाय. उत्तर आलं की आकडे इथेच टाकते, वाचायला मदत लागेल.